फुकटची मदत मागण्याची शास्त्रोक्त रीत

ओपन सोर्स सॉफ्टवेअर अडलं की मदत मागण्याची सर्वांत प्रचलित रीत अशी: ‘चालत नाही, अर्जंट आहे’ एवढं लिहून पाठवायचं आणि दर दहा मिनिटांनी उत्तर आलं का ते पाहायचं. या रीतीत कष्ट नाहीत आणि बहुधा उत्तरही नाही. संग्रामपूर तालुक्यातल्या वरवट बकालच्या माणसाला तर ती मुळीच शोभत नाही, कारण शेजारच्याच जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळ आहे. तिथे अक्षय्य तृतीयेला शेतात घट मांडतात, भोवती अठरा धान्यं ठेवतात आणि कोणता दाणा कुठे सरकला हे दुसऱ्या दिवशी पहाटे पाहून मगच पीकपाण्याचं भाकीत सांगतात. भविष्य सांगणाऱ्यालाही समोर मांडणी लागते, आणि आपण परमुलखातल्या प्रोग्रामरने ‘चालत नाही’ या दोन शब्दांवरून आपल्या संगणकाच्या पोटातलं ओळखावं म्हणतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: सॉफ्टवेअर त्यांनी बनवलं, मग जबाबदारी त्यांचीच. हा आक्षेप घेणाऱ्याने परवाना वाचलेला नसतो (परवाना कोणीच वाचत नाही, तो भाग वेगळा). लिनक्स ज्या परवान्याखाली मिळतं, त्या १९९१ सालच्या जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीत मोठ्या अक्षरांत लिहिलंय की हमी कसलीही नाही. हा व्यवहार दुकानाचा नव्हे, सावडीचा आहे. एक बैल तुमचा, एक माझा, तेव्हा कुठे औत चालतं. आता कोडचा बैल तुमच्याकडे नाही, हे मान्य. तुमचा बैल म्हणजे तुमचा प्रश्न. आणि तो धड चालणारा असावा, एवढीच समोरच्याची अट असते.

धड प्रश्न कसा असतो हे पाहायला आपल्या भाषेतलं एकच अक्षर पुरे. आचार्य वेगळे आणि आचारी वेगळे. म्हणून ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हेही वेगळे. दुसऱ्या शब्दातला आडवा अर्धा र चुकून रफार होऊन बसला, तर स्वयंपाक्याचा मेहनताना विद्वानाच्या नावावर पडतो. युनिकोडमध्ये हे अक्षर दोन तऱ्हांनी लिहिता येतं: एक नुक्त्याचा ऱ घेऊन, दुसरी साध्या र् नंतर झिरो विड्थ जॉइनर हे न दिसणारं चिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारख्याच, संगणकाला मात्र वेगळ्या. त्यामुळे यादीत ‘शेतकऱ्यांची’ एका तऱ्हेने टाइप केलेलं असेल आणि शोधताना दुसऱ्या तऱ्हेने लिहिलं, तर समोर असलेले शेतकरी सापडत नाहीत. ‘मराठी बरोबर येत नाही’ अशी तक्रार पाठवली, तर यातलं काहीच पोचत नाही. त्याऐवजी आधी फॉन्ट बदलून पाहावा. अक्षर सुधारलं तर दोष फॉन्टचा. मग तोच मजकूर दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडावा. लिब्रेऑफिस, फायरफॉक्स आणि अँड्रॉइड या तिघांतही अक्षरं जुळवण्याचं काम हार्फबझ नावाचं एकच सॉफ्टवेअर करतं. तेव्हा सगळीकडे, सगळ्या फॉन्टांत एकसारखंच बिघडत असेल तर दार तिथलं ठोठावावं, आणि एकाच ठिकाणी बिघडत असेल तर त्या प्रोग्रामचं. मग आवृत्तीचा आकडा, फॉन्टचं नाव, काय टाइप केलं, काय दिसलं, काय दिसायला हवं होतं हे लिहून स्क्रीनशॉट जोडावा. तासभर जातो खरा. पण एवढं करताना निम्म्या वेळा उत्तर आपलं आपल्यालाच सापडतं आणि मदत मागायची राहूनच जाते. या रीतीचा हा एक मोठाच तोटा म्हणायचा.

दुसरा आक्षेप इंग्रजीचा, आणि तो खोटा नाही. पण आचारी आणि आचार्य यांतला फरक उत्तम इंग्रजी येणाऱ्या परदेशी प्रोग्रामरला दिसत नाही, मराठी वाचणाऱ्यालाच दिसतो. मोडकं इंग्रजी तो समजून घेईल. हरवलेला अर्धा र त्याला स्वतःहून कधीच सापडणार नाही. तिसरा आक्षेप, ही मंडळी फार तुसडी असतात. असतात, काही. खुद्द लिनक्सचा कर्ता लिनस टोरवाल्ड्स याने सप्टेंबर २०१८ मध्ये आपल्या बोलण्याबद्दल माफी मागून काही काळ काम थांबवलं होतं. तुसडेपणाचं समर्थन होऊ शकत नाही. पण याच माणसाने २५ ऑगस्ट १९९१ रोजी, विद्यार्थी असताना, मिनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम वापरणाऱ्यांना आपल्या नव्या सिस्टीमची घोषणा करणारं पत्र लिहिलं, तेव्हा तोही मागायलाच आला होता: तुम्हाला काय आवडतं, काय नाही, ते सांगा. हा आपला छंद आहे हे त्याने कबूल केलं, मशीन कोणतं ते लिहिलं, आणि बॅश १.०८ व जीसीसी १.४० असे आवृत्त्यांचे आकडेही दिले. ‘अर्जंट’ हा शब्द त्या पत्रात कुठेही नाही.

एवढं सगळं करून उत्तर मिळालं, की प्रचलित रीतीप्रमाणे ‘झालं’ असं लिहून गायब व्हायचं असतं. तेवढं मात्र करू नका. काय केल्याने झालं ते दोन ओळींत तिथेच लिहून ठेवा. संग्रामपूरच्या कोणाचा तरी अर्धा र उद्या हरवणारच आहे.