अंतरपाटाचं पुढे काय होतं

बंगळुरूच्या आउटर रिंग रोडवर काचेच्या इमारतींत बसून औषधांच्या चाचण्यांची आकडेमोड करणाऱ्यांचा निम्मा जन्म गाळण्यात जातो. सॅस या आकडेमोडीच्या संगणकीय भाषेत एक डेटासेट उभा करायचा तर किती तात्पुरते व्हेरिएबल जन्माला घालावे लागतात! भेटींचा क्रम लावायला एक, अर्धवट तारखा हेरायला एक, दोन नोंदींतली जवळची कुठली ते सांगायला आणखी एक. अशांच्या नावाआधी अंडरस्कोअर लावायची रीत आहे. मग शेवटी ‘ड्रॉप अंडरस्कोअर कोलन’ एवढं लिहिलं की अख्खी फौज एका ओळीत बाहेर. मला लग्नातला अंतरपाट आठवतो. मंगलाष्टकं चालू असेतो साऱ्या मांडवाचा जीव त्या हातभर कापडात अडकलेला. शेवटचं ‘सावधान’ झालं, अक्षता पडल्या, की ते कुणी घडी करून कुठे ठेवलं हे वधूवरांनाही सांगता येत नाही.

ड्रॉपमध्ये मात्र एक माया आहे. व्हेरिएबल डेटा स्टेपच्या शेवटच्या ओळीपर्यंत राबतं, फक्त बाहेरच्या डेटासेटात जात नाही. तोच ड्रॉप सेटच्या ओळीवर कंसात लिहिला, तर ते मुळात वाचलंच जात नाही. कीप याहून करड्या स्वभावाचा: यादीत नाव असेल तोच राहील. शहाणे कीप वापरा म्हणतात, आणि त्यांचं बरोबर आहे. उद्या मूळ डेटात एखादा आगंतुक रकाना उगवला तर ड्रॉप त्याला हसतमुखाने पुढे सोडतो. तरी माझा हात ड्रॉपकडेच जातो. ज्याला काढायचं त्याचं निदान नाव घ्यावं लागतं. अंडरस्कोअरवाल्यांच्या नशिबी तेही नाही म्हणा.

चुकून मागे राहतं ते बहुधा बिचारं आय. लूपमध्ये एक ते दहा मोजायला ठेवलेलं. मोजणी थांबते ती पुढचं पाऊल पडल्यावरच, म्हणून प्रत्येक ओळीत ते ११ हा आकडा मिरवत उभं. तारखांचीही अशीच गंमत. सॅसचं पंचांग १ जानेवारी १९६० ला शून्यावर सुरू होतं. त्या हिशेबाने १ मे १९६० चा महाराष्ट्र १२१ वर येतो आणि १ नोव्हेंबर १९५६ चं कर्नाटक उणे ११५६ वर. इथे भाड्याने राहणाऱ्या मराठी माणसाने हे वडीलपण लक्षात ठेवून रिक्षावाल्याशी बोलावं.

चाचणीतल्या माणसांची नावं आमच्यापर्यंत येतच नाहीत. येतो क्रमांक, वय, लिंग. कधीतरी शेऱ्याच्या मोकळ्या रकान्यात मात्र कुणीतरी डोकावतं. बासष्ट वर्षांच्या एका बाईंची भेट हुकली होती आणि कारण लिहिलं होतं: नातीचं लग्न, गावी गेल्या. विश्लेषणाला ‘भेट झाली नाही’ एवढंच पुरतं. तरी तो रकाना मी ड्रॉपच्या यादीत घालायचा टाळत राहिलो.

तपासणीला बसलेल्या आमच्या कानडी मॅडमनी तो पकडला.

“हे स्पेकमध्ये आहे का?”

“नाही, मॅडम.”

त्यांनी शेरा दोनदा वाचला. “लग्न कुणाचं, नातीचं?”

“हो.”

“चांगलं झालं,” त्या म्हणाल्या, आणि कीबोर्ड स्वतःकडे ओढून त्यांनीच रकान्याचं पूर्ण नाव ड्रॉपपुढे टाइप केलं.