राजा अजून जिवंत आहे

बुद्धिबळात मी हरत नाही. मला हरवावं लागतं, आणि त्याला वेळ लागतो. सकाळी मुलुंडला लोकलमध्ये चढून मोबाइलवर दहा मिनिटांचा डाव लावला की नाहूरला उंट जातो, भांडुपला वजीर, कांजूरला उरलेला हत्ती. पण घाटकोपरला मेट्रोसाठी उतरेपर्यंत माझा एकटा राजा पटावर हिंडत असतो. पलीकडचा वैतागून 'रिझाइन प्लीज' लिहितो, मग मुद्दाम प्याद्यांचे घोडे करून माझ्याभोवती तबेला उभारतो. मी ढिम्म! त्याचा टाइम संपला तर एकट्या राजालाही अर्धा गुण मिळतो, हा नियम मला तोंडपाठ आहे.

शिवाय इतिहास माझ्या बाजूचा. १९६३-६४ च्या अमेरिकन अजिंक्यपद स्पर्धेत लॅरी एव्हान्सने रेशेव्हस्कीविरुद्ध गेलेला डाव वाचवला. आधी वजीर देऊन टाकला, मग हत्ती शह देत सुटला. त्याच्या स्वतःच्या राजाला हलायला घर नाही, त्यामुळे हत्ती मारला की स्टेलमेट, म्हणजे बरोबरी. उलट १९०२ साली माँटे कार्लोत मार्कोने पोपिएलपुढे डाव सोडला, तेव्हा उंटाच्या एका चालीत तो जिंकत होता. (एव्हान्सला स्टेलमेटची चाल दिसली होती, हा तपशील मी सांगताना गाळतो.)

मोबाइलवर तोंड दिसत नाही, म्हणून हे खपतं. गेल्या रविवारी गव्हाणपाड्यातल्या आमच्या सोसायटीत, पार्किंगमध्ये अप्पांसमोर बसलो. बाराच्या सुमारास माझ्याकडे नुसता राजा. अप्पांकडे एक हत्ती आणि शेवटच्या घरात पोचलेलं प्यादं. त्यांनी वजीर न घेता बाजूला पडलेला दुसरा हत्ती उचलून ठेवला. मला वाटलं, म्हाताऱ्याला कीव आली.

आता रीतीने राजा आडवा करून हात पुढे करायचा. मी राजा एक घर सरकवला.

अप्पांनी चष्म्यावरून पाहिलं. "खेळतोयस?"

"बघू ना."

तेवढ्यात वरून जेवायची हाक आली. अप्पा उठले, शेजारी बसलेल्या दुसरीतल्या नातीला आपल्या खुर्चीत बसवलं. "काकांना मात करून वर ये गं."

तिने वेफर्सचं पाकीट मांडीत घेतलं, तेलकट बोटं फ्रॉकला पुसली. मला आशा वाटली. पोरं घाईत स्टेलमेट करतात. तिने क्लासमधली शिडी लावली: एक हत्ती ओळ अडवणार, दुसरा शह देणार, राजा एकेक ओळ मागे. मी चवताळून एका हत्तीच्या अंगावर गेलो. तिने तो पार दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवला आणि एक वेफर खाल्ला. क्रिकेट सोडून पोरं भोवती जमली. वॉचमनही आला.

"मात!"

"शाब्बास," मी म्हटलं. "तू स्टेलमेट करशील असं वाटलं होतं मला."

"वजीर असला की करते कधीकधी," ती म्हणाली. "म्हणून तर अप्पांनी हत्ती घेतला. म्हणाले, हे काका काही सोडायचे नाहीत, आणि मला साडेबाराची गोळी घ्यायचीय."