शून्याने भागलेला पैसा

आई पहिल्यांदा आमच्याकडे फिलाडेल्फियाला यायची होती, त्या दिवशी बायकोने फ्रिज आवरला आणि मी चिंच लपवली.

कारण माझा छंद. 1793 ते 1857 या काळात इथल्या टांकसाळीने पाडलेले तांब्याचे मोठे सेंट आणि अर्धे सेंट मी जमवतो. सेंट पाहून आपला ढब्बू पैसा आठवतो, अर्धा सेंट पाहून अधेला. सगळा माल शुद्ध तांब्याचा. आणि तांबं दिसलं की चिंच-मीठ लावून घासायचं, हा आमच्या आईचा साठ वर्षांचा नेम.

इथे मात्र घासलेला सेंट म्हणजे वाया गेलेला सेंट. दोनशे वर्षांच्या हवेने आणि खिशांनी चढवलेला तपकिरी रंग हेच त्याचं वैभव. हिरवा कळंक नको, पण लखलखाटही नको. मऊ ब्रशने धूळ झटकायची, बस्स.

या नाण्यांना गुणही मिळतात, 1 ते 70. ही पद्धत विल्यम शेल्डन यांनी 1949 साली जुन्या सेंटांवरच्या पुस्तकात मांडली. 1 म्हणजे नाणं आहे एवढंच ओळखू येतं. 70 म्हणजे निर्दोष. हे गृहस्थ मानसशास्त्रज्ञ. माणसांचीही जाड, पिळदार आणि सडपातळ अशी वर्गवारी त्यांनी करून ठेवली होती. पुढे उघडकीस आलं, की न्यूयॉर्कच्या नाणेसंस्थेतले उत्तम सेंट उचलून त्यांनी तिथे आपले डावे सेंट ठेवले होते. परीक्षकानेच पेपर बदलले!

टांकसाळीचं प्रगतिपुस्तकही फार उजळ नाही. 1793च्या पहिल्या सेंटवर एका बाजूला स्वातंत्र्यदेवी आणि दुसऱ्या बाजूला पंधरा राज्यांच्या एकीची पंधरा कड्यांची साखळी. लोक म्हणाले, स्वातंत्र्याच्या पाठीला बेडी? 36,103 नाणी पाडून साखळी गेली, तिथे पानांची माळ आली. साखळीच्या नाण्यांतही सुरुवातीच्यांवर जागा पुरेल की नाही या धास्तीने की काय, देशाचं नाव ‘अमेरि.’ एवढंच कोरलेलं. लग्नपत्रिकेत दूरच्या मामांची नावं बसवतात तसं.

असा सेंट माझ्या खिशाला परवडणारा नाही. माझ्याकडचा मानाचा सेंट 1801चा, आणि आईने अल्बममधून नेमका तोच काढला.

“घासत नाहीस वाटतं?”

“नाही.”

“दिसतंच आहे.”

मी भिंग पुढे केलं. आईने चौतीस वर्षं गणित शिकवलं आहे. भिंग हातात येताच तिची मान पेपर तपासताना व्हायची तशी तिरकी झाली.

“अरे, हे काय? एक छेद शंभर हवं ना? इथे एक छेद शून्य शून्य शून्य आहे!”

“तीच तर गंमत.”

“शून्याने भागता येत नाही, हे सहावीतल्या पोरालाही कळतं. आणि हे ‘युनायटेड’ ना? ‘यू’ कुठाय? दोन ‘आय’ उभे आहेत. माळेला उजवीकडे देठ आहे, डावीकडे नाही. तीन चुका! कितीला घेतलंस?”

मी डॉलरचा आकडा सांगितला. तिने मनातल्या मनात रुपये केले आणि खुर्चीत बसली.

“आणि सगळं बरोबर असतं तर?”

“निम्म्याहून कमी.”

बराच वेळ ती त्या सेंटकडे बघत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे मी पोरांचे मार्क उगाच कापले.”

दुसऱ्या दिवशी तिने अल्बममधले सगळे सेंट तपासले, एकेका अक्षरासकट. बऱ्याच नाण्यांत काही चूक सापडली नाही, तेव्हा चक्क हिरमुसली. संध्याकाळी आमटी चाखून म्हणाली, “यात चिंच का नाही रे?” मी मुकाट्याने बुटांच्या खोक्यातून पुडी काढून दिली.

तुमच्याही आजीच्या बटव्यात एखादा काळा पडलेला ढब्बू पैसा निघाला, तर कृपा करून घासू नका. हात फारच शिवशिवले, तर घरात तांब्या असेलच.