रकाना कोणता भरावा?

(क्रिकेटच्या निवड चाचणीला प्रथमच निघालेल्या वऱ्हाडी खेळाडूंसाठी, आणि मुख्यतः त्यांच्या वडिलांसाठी)

अमरावती असो की अकोला, जिल्हा संघाची ट्रायल म्हटली की मैदानाच्या कडेला एक टेबल, टेबलामागे एक गृहस्थ आणि त्यांच्यापुढे फॉर्मांचा गठ्ठा. नाव, जन्मतारीख, शाळा इथवर सगळं सोपं आहे. मग एक रकाना येतो. बॅट्समन, बोलर, विकेटकीपर, ऑलराउंडर. योग्य तिथे खूण करा. ही मार्गदर्शिका त्या एका खुणेपुरती आहे. बॅट कशी धरावी वगैरे किरकोळ बाबींसाठी अन्यत्र चौकशी करावी.

पहिला नियम असा की फॉर्म वडिलांनी भरू नये. हा नियम कुणीच पाळत नाही, म्हणून पुढचं सगळं वडिलांना उद्देशून आहे.

वडिलांचं पेन आपोआप 'बॅट्समन'वर जातं. कारण उघड आहे, बॅट आधीच घेऊन झालेली असते. 'इंग्लिश विलो घेतली न बाप्पा, मंग पोट्ट्याले बोलिंग कायले करू द्याची?' हा युक्तिवाद बिनतोड आहे. फक्त तो रांगेतल्या प्रत्येक बापाकडे असतो, आणि रांग गेटच्या बाहेर उसाच्या रसाच्या गाडीपर्यंत गेलेली असते. नेटमध्ये प्रत्येकाच्या वाट्याला फार तर सहा-आठ चेंडू येतात. त्यातले दोन वाइड, कारण बोलरही ट्रायललाच आलेला आहे आणि त्याचेही हात कापताहेत. एक मांडीवर बसतो. एक चेंडू पोरगं सुरेख सोडून देतं, डोकं स्थिर, बॅट उंच, वसीम जाफर आठवावा असं. नेमके तेव्हा सिलेक्टर साहेब शेजारच्या नेटकडे बघत चहाचा कागदी कप चुरगळत असतात. तोवर पाठीवर टाचणीनं लावलेला १४३ नंबरचा कागद फाटून १४ एवढाच उरलेला असतो, आणि पोराचा शेवटचा कव्हर ड्राइव्ह दुसऱ्याच कुणाच्या खात्यावर जमा होतो.

'पण अकोल्याचा अथर्व तायडे बॅटिंगवरच गेला न?' गेला. १९ वर्षांखालील मुलांच्या कूच बिहार करंडकाच्या अंतिम सामन्यात त्यानं मध्य प्रदेशाविरुद्ध ३२० धावा काढल्या होत्या. आपल्या चिरंजीवांनी कॉलनीच्या फायनलमध्ये ३२ काढल्या असतील, तर पुढचं शून्य कुठून आणायचं ते आधी घरी बसून ठरवावं आणि मग खुशाल 'बॅट्समन'वर खूण करावी. शिवाय तायडे डावखुरा सलामीवीर आहे आणि वेळ पडली तर डाव्या हातानं फिरकीही टाकतो. या डाव्या हाताकडे आपण परत येऊ.

आता 'ऑलराउंडर'. हा रकाना नेमका कुणासाठी ठेवला आहे हे माहीत नसलेले सगळे लोक तोच भरतात. संवाद साधारण असा होतो :

'काय येते बे तुले?'

'ऑलराउंडर आहो सर.'

'बोलिंग काय टाकतं?'

'मिडियम पेस. ऑफस्पिन बी टाकतो.'

'अन् बॅटिंग?'

'लागंन तिथी.'

वहीत या मुलाच्या नावापुढे एक बारीक आडवी रेघ ओढली जाते. रेघेचा अर्थ विचारायला जाऊ नये.

'बोलर'मध्ये दोन जाती. फास्टवर खूण करण्याआधी मुलाला भर उन्हात पंधरा पावलं पळवून बघावं. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि तिथं रन-अप घेण्यासाठी क्रिकेटप्रेमापेक्षा वेगळं काहीतरी अंगात असावं लागतं. उमेश यादवकडे ते होतं. वलनीच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा हा मुलगा टेनिस बॉलवर मोठा झाला, लेदरचा चेंडू त्याच्या हातात बराच उशिरा आला. २००८ मध्ये तो रणजी खेळला आणि २०११ मध्ये कसोटी. विदर्भाचा कसोटी खेळणारा तो पहिला. अकोल्याच्या आदित्य ठाकरेचं (मुंबईतले निराळे) उदाहरण तर आणखी घाईचं आहे. त्याचा पहिलाच प्रथम श्रेणी सामना म्हणजे डिसेंबर २०१७ मध्ये इंदूरला दिल्लीविरुद्ध सुरू झालेली रणजीची अंतिम लढत. विदर्भानं पहिल्यांदा करंडक जिंकला तोच सामना. त्यात हॅट्ट्रिक घेणारा रजनीश गुरबानी सिव्हिल इंजिनीअरिंग शिकलेला आहे. हे वाक्य वडिलांनी दोनदा वाचलं तरी चालेल.

स्पिनसाठी आधी हात पाहावा. डावरा असेल तर अर्धा फॉर्म भरला असं समजा. लहानपणी चमचा डाव्या हातात धरला म्हणून चापट मारून पोरांना उजवं करणाऱ्या आज्यांनी विदर्भाच्या फिरकीचं किती नुकसान केलं असेल याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. पण नुसता डावा हात पुरत नाही, जागा रिकामी लागते. हा या मार्गदर्शिकेतला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी पाळला जाणारा मुद्दा आहे. विदर्भाला दोन रणजी करंडक मिळवून देण्यात ज्याचा हात होता तो डावखुरा फिरकीपटू आदित्य सरवटे २०२४-२५च्या हंगामात केरळकडे गेला. त्याच हंगामात विदर्भाच्या हर्ष दुबेनं डाव्या हाताच्याच फिरकीवर ६९ बळी घेतले. रणजीच्या एका हंगामात इतके बळी त्याआधी कुणीच घेतले नव्हते. आणि नागपूरच्या अंतिम सामन्यात समोर कोण? केरळ. सरवटे त्यांच्याकडून बॅटिंग करत ७९ धावा काढून गेला, करंडक मात्र पहिल्या डावातल्या आघाडीवर विदर्भाकडे राहिला. म्हणून फॉर्म भरण्याआधी मुलाचा गुण एकदा पाहावा आणि वरच्या वयोगटातून यंदा कोण बाहेर पडतंय ते दोनदा पाहावं. सगळे बाप विचारतात, 'आमच्या पोट्ट्याले काय येते?' हुशार बाप विचारतो, 'तुमच्याकडं कोण सोडून चाललं?'

कीपरची रांग सर्वांत छोटी, म्हणून मोहात पाडणारी. पूर्वी कीपर तोच व्हायचा ज्याला कुठंच घेत नसत. आता अमरावतीत त्या रांगेत गर्दी दिसली तर दोष जितेश शर्माचा. हा अमरावतीचा मुलगा २०२२ मध्ये पंजाबकडून आयपीएलमध्ये उतरला, ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताकडून खेळला, पुढे लिलावात बंगळुरूनं त्याला ११ कोटींना घेतलं. २७ मे २०२५च्या रात्री लखनौमध्ये २२८ धावांचा पाठलाग करताना कर्णधार म्हणून त्यानं ३३ चेंडूंत नाबाद ८५ केल्या. एवढं वाचून लगेच ग्लोव्ह्ज घ्यायला दुकानात जाऊ नये. अकरा जणांच्या संघात बॅट्समनच्या जागा पाच-सहा, बोलरच्या चार-पाच. स्टंपांमागची जागा एकच. विदर्भाच्या रणजी संघात ती अक्षय वाडकरनं धरली होती. पहिल्या रणजी विजेतेपदाच्या अंतिम सामन्यात त्यानं १३३ धावा काढल्या, आणि २०२५चा करंडक तर त्यानं कर्णधार म्हणून उचलला. अशा माणसाला कुठली निवड समिती उठवणार? देशभर नाव झालेला जितेश विदर्भाकडून खेळला तो मुख्यतः पांढऱ्या चेंडूवर, आणि २०२५ मध्ये तो बडोद्याकडे गेला. छोट्या रांगेचं हे असं असतं. ती छोटी असते, पण पुढंच सरकत नाही. जितेशनं या अडचणीतून काढलेली वाट मात्र कुठल्याच फॉर्मावर छापलेली नाही : शेवटच्या चार-पाच षटकांत येऊन सामना संपवणारा. त्याचा रकाना असता तर सगळ्या वडिलांनी तोच भरला असता आणि सलामीला पाठवायला कुणी उरलं नसतं.

तरीही खूण चुकली म्हणून घाबरण्याचं कारण नाही. विदर्भाच्या यश ठाकूरला कीपर व्हायचं होतं, धोनी त्याचा देव. प्रशिक्षक प्रवीण हिंगणीकरांनी त्याला नेटमध्ये चेंडू टाकताना पाहिलं आणि ग्लोव्ह्ज काढायला लावले. ७ एप्रिल २०२४ रोजी आयपीएलमध्ये त्यानं लखनौकडून गुजरातचे ३० धावांत ५ बळी घेतले. म्हणजे योग्य रकाना पुष्कळदा आपल्याला दिसत नाही, नेटच्या मागं उभ्या असलेल्या तिसऱ्याच माणसाला दिसतो. अट एवढीच की त्या वेळी तो चहा पीत नसावा.

क्रिकेटमध्ये जमलं नाही तर पीटीचे सर बेसबॉलचा पर्याय सुचवतील. हसू नये. राज्याच्या शालेय स्पर्धांमध्ये बेसबॉल आणि सॉफ्टबॉल दोन्ही आहेत, क्रीडागुणांचं प्रमाणपत्र तिथंही तितकंच चालतं आणि शासकीय नोकरीतल्या ५ टक्के आरक्षणाच्या स्वप्नाला चेंडूचा आकार विचारला जात नाही. तिथं नऊ जागा आणि नियम कडक : डावऱ्या हातानं फेकणाऱ्याला सेकंड बेस, थर्ड बेस किंवा शॉर्टस्टॉपला सहसा उभं करत नाहीत, कारण पहिल्या बेसकडे फेकताना त्याला अंग वळवावं लागतं. म्हणजे आजीनं इथं उपकारच केले म्हणायचे. अमेरिकेत कॉलेजच्या प्रशिक्षकांपुढं मुलांची जत्रा भरते तेव्हा बापलोक पोराला शॉर्टस्टॉप म्हणून उभं करतात. त्याला पुढं कुठंही हलवता येतं असा हिशेब. 'लागंन तिथी' तिकडं चालतं, इकडं चालत नाही. आणि सर्वांत यशस्वी भारतीय ट्रायल दिली ती रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातल्या दोन भालाफेकपटूंनी. बेसबॉल कधी न खेळलेल्या या दोघांनी २००८ मध्ये एका टीव्ही स्पर्धेत नुसता वेगानं चेंडू फेकला आणि पिट्सबर्ग पायरेट्सचा करार मिळवला. रकाना कोणता हे त्यांना कुणी विचारलंच नाही.

मुलींच्या बापांना वेगळं सांगण्यासारखं थोडंच. अमरावतीची भारती फुलमाळी २०१९ मध्ये भारताकडून खेळली, पुढे गुजरातकडून महिला प्रीमियर लीगमध्ये. तिची बॅटिंग एकदा पाहून घ्यावी आणि 'मुलीले स्पिनच बरी' हे वाक्य घरीच ठेवून यावं.

कागदपत्रं : आधार कार्ड, जन्माचा दाखला, शाळेचं बोनाफाइड, फोटो. १६ वर्षांखालच्या मुलांचं वय पुढं डाव्या हाताच्या आणि मनगटाच्या एक्स-रेवरून तपासतात, तेव्हा जन्मतारखेच्या रकान्यात कल्पकता दाखवू नये. दाखला बापाचं ऐकतो, हाड ऐकत नाही.

चाचणी झाल्यावर वडिलांनी सिलेक्टरच्या गाडीशेजारी उभं राहू नये. उभं राहिलंच तर बॅटची किंमत सांगू नये. यादी लागेल त्या दिवशी नाव खालून वर वाचत जावं, राखीव खेळाडू खाली असतात. तिथं नाव सापडलं तर कॉलनीत 'सिलेक्शन झालं, पण' इतकं बोलून थांबावं आणि 'पण'च्या पुढचं कुणी विचारायच्या आत सगळ्यांसाठी चहा सांगावा.