निर्यातबंदीबाई, येण्याआधी कळवत चला
श्रीमती कांदा निर्यातबंदीबाई यांस,


मुहूर्त काढावा तर तुम्हीच. ८ डिसेंबर १९८५ रोजी ढाक्यात सार्कची स्थापना झाली, शेजाऱ्यांनी एकमेकांना धरून राहावं म्हणून. २०२३ साली तुम्ही नेमक्या त्याच तारखेला अवतरलात. आदल्या दिवशी अधिसूचना, दुसऱ्या दिवशी अंमल. वाढदिवसाचा आहेर म्हणतात तो हाच.

महिनाही बाकी नामी निवडलात! उन्हाळ कांदा असता तर चाळीत भरून तुमच्या जाण्याची वाट पाहिली असती. लाल कांद्याला तेवढा धीर कुठला? काढला की विकायचा, नाहीतर नासताना बघायचा. चांदवडला महामार्गावर ठिय्या देऊन बसलेल्या शेतकऱ्यांना तुमची ही दूरदृष्टी कळली नाही. अडाणी माणसं, लिलावही बंद पाडले.

शेजाऱ्यांशी वागावं कसं, हे तर तुमच्याकडूनच शिकावं. २०१९ मध्ये २९ सप्टेंबरला तुम्ही आलात आणि आठवड्याच्या आत बांगलादेशाच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या. भर सभेत त्या हिंदीत म्हणाल्या, स्वयंपाक्याला सांगून टाकलंय, जेवणात कांदा बंद. सभा हसली. हसीनाबाईंचं मागणं एवढंच होतं, की बंद करणार असाल तर आधी कळवा. तुम्ही ते किती मनावर घेतलंत! पुढच्याच वर्षी १४ सप्टेंबरला, न कळवता हजर. घोजाडांग्याला, महदीपूरला सीमेवर ट्रकच्या रांगा, आत कांदा घाम गाळतोय. (सीमेवर नासलेला कांदा भारताचा की बांगलादेशाचा, हा प्रश्न सार्कच्या पुढच्या परिषदेत घ्या. परिषद २०१४ नंतर झालेली नाही, म्हणजे घाई नाही.)

बांगलादेशानं मग इजिप्त, तुर्कस्तानाकडे तोंड वळवलं. २०१९ मध्ये तर कांदा विमानानं आणला. आमच्या कांद्याला मात्र कधी विमान घडलं नाही.

मे २०२४ मध्ये तुम्ही निघालात, पण घर राखायला ४० टक्के शुल्क ठेवून. १ एप्रिल २०२५ ला तेही गेलं. आता आमचं दार सताड उघडं आहे आणि आयात परवाना द्यायचा की नाही, हे ढाका ठरवतं, आपल्या शेतकऱ्याच्या पिकाकडे बघून. चांगल्या गुरूचे शिष्य दिसतात. आता ते तरी आधी कळवणार आहेत का, तेवढं विचारून सांगा. तुमची ओळख आहे तिकडे.

आपला,
एक लाल कांदावाला, जिल्हा नाशिक