सापडला आदर्श वायू

बी.एस्सी.ला आमच्या प्रॅक्टिकलची रीत सरळ होती: उत्तर आधी, रीडिंग नंतर. पुस्तकातला आकडा जर्नलच्या तळाशी लिहायचा आणि तिथून उलटं वर चढत जायचं. एवढं करूनही माझं उत्तर कधी नेमकं बसलं नाही. बसलं ते एकदाच, वेलिंग्टनला, आणि तिथे ते नको होतं.

कार्बन डायऑक्साइड आदर्श वागण्यापासून किती ढळतो, ते मोजायचं होतं. आदर्श वायूचे रेणू म्हणजे जागा न अडवणारे, शेजाऱ्यांशी संबंध न ठेवणारे भाडेकरू. खरे रेणू जागाही अडवतात आणि एकमेकांकडे ओढलेही जातात, हे व्हॅन डर वाल्सने 1873 च्या प्रबंधात मांडलं. 1910 चं नोबेल त्याला मिळालं. या ओढीपायी 25 अंशांना, हवेच्या नेहमीच्या दाबाला, झेड नावाचा आकडा 1 ऐवजी 0.995 येतो. अर्ध्या लिटरच्या फ्लास्कमध्ये वायू मावतो जेमतेम 0.9 ग्रॅम, त्यातला ओढीचा वाटा साडेचार मिलिग्रॅम. सगळा खटाटोप तेवढ्यासाठी.

मी शिस्तीत आल्याआल्या बॅरोमीटर वाचला आणि साडेदहाच्या चहाला गेलो. हा चहा इथे कुणी चुकवत नाही. फुकटची बिस्किटं मी कशाला चुकवू? तेवढ्यात कुक सामुद्रधुनीकडे धावणारा उत्तरेचा वारा उठला, खिडक्या वाजू लागल्या. वेलिंग्टनमध्ये वारा सुटणं ही काही बातमी नव्हे. दाब मात्र पाच हेक्टोपास्कलने उतरला. हजारात पाच, म्हणजे बरोब्बर अर्धा टक्का! फ्लास्क भरला चहानंतर, हिशेबात दाब मात्र चहाआधीचा. ओढीने जेवढा वायू जादा भरला, तेवढाच वाऱ्याने कमी केला. माझं उत्तर: 1.000.

मी ते दोनदा अधोरेखित केलं. डेमॉन्स्ट्रेटर बाई माझ्याहून लहान. त्यांना नुसत्या नावाने हाक मारायची इथली पद्धत माझ्या जिभेला झेपेना, म्हणून मी घसा खाकरून काम भागवत असे. त्यांनी वही पाहिली. "अभिनंदन. आदर्श वायू शोधणारा तू पहिलाच."

प्रयोग पुन्हा करायचा ठरला. या खेपेला मी बॅरोमीटरवरची नजर हलवली नाही. त्या नादात फ्लास्कभोवतीच्या पाण्याचा हीटर लावायचाही राहिला. पाणी 17 अंशांवर, हिशेब 25 चा. उत्तर 0.968.

मी घसा खाकरला. "दोन्हींची सरासरी काढली तर?"

बाईंनी तोंडी हिशेब केला. "0.984. तीही चुकतेय."