लिक्टेनस्टाईनला कशाला?

आमच्या गास गावातल्या माणसाला परदेशी जायचं तर कारण लागतं. कुवेत-बहरीनची नोकरी चालते, रोमची नाहीतर पवित्रभूमीची यात्रा तर चालतेच. वसईच्या मातीतले संत गोन्सालो गार्सिया जपानपर्यंत गेले ते धर्मकार्यासाठी आणि 1597 साली नागासाकीत हुतात्मा झाले. अशी परंपरा पाठीशी असताना ‘मी लिक्टेनस्टाईनला जातोय, सहज’ हे वाक्य वाडीत नीट उभंच राहत नाही.

माझ्या मेव्हण्याने हा देश केलेला आहे. मराठी टूरबरोबर ऑस्ट्रियातून स्वित्झर्लंडला जाताना बस फाडुट्स या राजधानीत तासभर थांबते. तेवढ्यात लुटुपुटूच्या आगगाडीतून एक चक्कर मारायची, काही फ्रँक मोजून पासपोर्टावर हौसेचा शिक्का मारून घ्यायचा आणि बसमध्ये शिरताना देशांच्या यादीत एक आकडा वाढवायचा. देश कसा होता विचारलं तर मेव्हणा म्हणाला, “स्वच्छतागृह उत्तम.”

देश आहे 160 चौरस किलोमीटरचा. वस्ती चाळीस हजारांच्या आसपास, म्हणजे नालासोपारा स्टेशनच्या सकाळच्या गर्दीत ती सापडायचीसुद्धा नाही. विमानतळ नाही, स्वतःचं नाणं नाही. सैन्य 1868 साली मोडीत काढलं. त्याआधी 1866 च्या लढाईत ऐंशी जण गेले आणि एक्क्याऐंशी परत आले, वाटेत एक दोस्त मिळाला, असं तिथे कौतुकाने सांगतात. 2007 मध्ये स्विस सैनिकांची एक तुकडी रात्री वाट चुकून या देशात शिरली. स्वित्झर्लंडने दिलगिरी कळवली तेव्हा तिकडच्यांना स्वारी झाल्याचं कळलं! आमच्या बांधावर शेजाऱ्याची म्हैस आली तरी याहून जास्त बोलाचाली होते.

काकी ओटीवर बसून केळीच्या पानात मोगऱ्याच्या कळ्या बांधत होती. पहाटेच्या गाडीने माल दादरला जायचा, त्यामुळे तिचे हात थांबत नव्हते. मी म्हटलं, “काकी, तिथला राष्ट्रीय दिवससुद्धा 15 ऑगस्ट.” ती खूश झाली. आमच्याकडे त्या दिवशी झेंडावंदन आणि मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाचा सण एकाच इस्त्रीत उरकतात. मग मी सांगितलं, की त्या दिवशी राजा आपल्या बागेत लोकांना पेयपानाला बोलावत आलाय.

“फुकट?”

“फुकट.”

“मग जा,” काकी म्हणाली. पण तिथल्या बायकांना देशाच्या निवडणुकीत मत 1984 साली मिळालं, हे मी उगाच बोलून गेलो. काकीने दोरा दाताने तोडला. “मी आणीबाणीनंतर मत दिलंय. असल्या ठिकाणी कशाला मरायला जातोस?” मी सावरायला गेलो, की जगभर नकली दात पुरवणारी एक मोठी कंपनीही तिथलीच आहे. काकांनी तोंडातली कवळी सारखी केली आणि चर्चेत पहिल्यांदाच रस घेतला.

खरं कारण मी कुणाला सांगितलं नाही. लिक्टेनस्टाईन घराण्याने हा मुलूख 1699 आणि 1712 साली दोन तुकड्यांत विकत घेतला, तो साम्राज्याच्या दरबारात खुर्ची मिळावी म्हणून. मालक राहायचे व्हिएन्नात. गुंतवणूक म्हणून फ्लॅट घेऊन कुलूप लावणारी मंडळी आमच्या आसपास रग्गड आहेत, त्यांचेच हे पूर्वज म्हणायचे. राज्यावर असलेला राजा तिथे कायमचा राहायला आला तो थेट 1938 साली. एवढं होऊनही तो देश दोन दांडग्या शेजाऱ्यांत विरघळला नाही. इकडे सोपाऱ्याचे टॉवर आमच्या विहिरीत डोकावायला लागलेत. 2009 साली वसई-विरार महापालिका झाली, ‘गावं वगळा’ म्हणून मोर्चे निघाले, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि आम्ही आत की बाहेर हे विचारायचं तर आधी तारीख विचारावी लागायची. तेव्हा लहान राहायची युक्ती जिथे साधली तिथे चार दिवस नुसतं बसून बघावं, असं मनात होतं.

व्हिसाच्या अर्जात मात्र ‘प्रवासाचा हेतू’ असा रकाना असतो आणि त्यात ‘नुसतं बसणे’ हा पर्याय नसतो. शिवाय लिक्टेनस्टाईनचा व्हिसा मागायचा स्वित्झर्लंडकडेच. विरारच्या एजंटने माझा कार्यक्रम वाचला आणि चष्मा वर सरकवला.

“चार दिवस लिक्टेनस्टाईन? काका, तासाच्या वर तिथे कोण राहत नाही. संशय येईल. झुरिक, ल्यूसर्न दाखवू. याला मध्ये अर्धा दिवस देतो.”

मी मान डोलावली. त्याने चार दिवसांवर काट मारली आणि पेन पत्त्यावर नेलं.

“आणि हे गास बिस नको. नालासोपारा पश्चिम टाकतो. कुणाला कळणार आहे?”